बी.ए.नंतरचं एक वर्ष

(परभणी जिल्ह्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज मला दिलेला विषय आपल्या नेहमीच्या विषयांपेक्षा थोडा वेगळा आहे. आर्ट्स शिकलेल्या मुलींना कॉम्प्युटरच्या क्षेत्रात नोकरी करता येईल का, आणि येत असेल तर आपण संघटना म्हणून काय करायचं, असा तो विषय. हुंडा, मारहाण, पोटगी, ऊसतोड, रेशन या आपल्या यादीत हा प्रश्न कुठे बसतो, असं सकाळी चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की तो त्या यादीच्या मधोमध बसतो. आपल्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या तरुण मुली आता निरक्षर नसतात. बी.ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात लग्न झालेल्या, पदवीचा कागद ट्रंकेत ठेवून सासरी गेलेल्या आणि वर्ष-दोन वर्षांत परत आलेल्या मुली मला दर महिन्याला भेटतात. 'शिकली तर स्वतःच्या पायावर उभी राहील' असं आपण इतकी वर्षं सांगत आलो. या मुली शिकल्या, पण उभं राहायला त्यांना जागा मिळाली नाही. म्हणून हा विषय.

मुली आर्ट्सला का जातात?

कुठून सुरुवात होते ते आधी बघू. आपल्या नऊ तालुक्यांत, परभणी, गंगाखेड, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा, पालम, सोनपेठ, कुठल्याही गावात जा. घरात दहावी झालेला मुलगा आणि मुलगी असेल तर मुलाला लातूरला क्लास लावण्याची भाषा होते, त्यासाठी कर्ज काढलं जातं. मुलीला जवळचं कॉलेज आणि आर्ट्स. याचं कारण तिला मराठी किंवा इतिहासाची आवड आहे हे क्वचितच असतं. आर्ट्सला फी कमी. प्रॅक्टिकल नाही, म्हणजे घरी यायला उशीर नाही. हजेरीची फारशी सक्ती होत नाही, म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसांत तिला घरी ठेवता येतं. आई ऊसतोडीला गेली तर मागच्या लहान भावंडांना सांभाळता येतं. घरकाम, शेतकाम आणि लग्नाची वाट बघणं या तिन्हींच्या आड न येणारं शिक्षण म्हणून बी.ए. निवडलं जातं.

ही निवड व्यवस्थाही करून देते. राज्यात ग्रामीण भागातल्या मुलींना पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो, पण तो बारावीपर्यंतच. पुढे सवलतीचा पास आहे, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायांना अर्धं तिकीट आहे, पण रोज तालुक्याला जायचं तर अर्ध्या तिकिटाचेही पैसे लागतात. गणिताचंही तसंच. अकरावी-बारावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकाचं नाव 'गणित आणि संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' असं आहे. म्हणजे आर्ट्सच्या मुलीलाही तेच गणित घेता यावं अशी सोय कागदावर आहे. आपल्या भागातल्या किती कनिष्ठ महाविद्यालयांत आर्ट्सच्या वर्गाला गणित शिकवतात, ते तुम्हीच मोजा. मला दौऱ्यात असा वर्ग अजून भेटला नाही. दहावीनंतर मुलीचं गणित सुटतं, आणि मग 'हिला गणित येत नाही' हा शिक्का तिच्यावरच बसतो.

यात लग्नाचं वय घाला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी शेकडा ४८ जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. राज्यात हे प्रमाण शेकडा २२ च्या आसपास आहे. म्हणजे ज्या मुली बी.ए.पर्यंत पोचतात त्या आधीच मोठी लढाई जिंकून आलेल्या असतात. बी.ए.चं शेवटचं वर्ष हा त्यांना मिळालेला शेवटचा थांबा असतो. निकाल लागला की 'आता काय राहिलं?' असं विचारलं जातं, आणि त्याचं उत्तर मुलीकडे नसतं. हे उत्तर तयार ठेवणं, एवढाच आजच्या बोलण्याचा मुद्दा आहे.

आर्ट्सवालीला हे जमेल का?

पहिला आक्षेप नेहमी हाच येतो. कॉम्प्युटर म्हणजे सायन्सवाल्या हुशार मुलांचं काम. हा समज कुठून आला ते बघायला हवं, कारण सुरुवात तशी नव्हती. अमेरिकेत १९४६ साली 'एनिआक' नावाचा मोठा संगणक जगाला दाखवला गेला. त्याला गणितं कशी सोडवायची ते ठरवून देणाऱ्या, म्हणजे आजच्या भाषेत त्याचं प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सहा जणी होत्या. त्या काळात 'कॉम्प्युटर' हा शब्दच मुळी हिशोब करणाऱ्या बायांच्या हुद्द्यासाठी वापरला जात होता. त्या सहांपैकी बेटी स्नायडर, पुढे बेटी हॉल्बर्टन, हिची पदवी पत्रकारितेची होती. कॉलेजात पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकाने तिला विचारलं होतं, घरी राहून मुलं वाढवलेली बरी नाहीत का? तिने गणित सोडून पत्रकारिता घेतली. तीच पुढे एनिआकवर गेली आणि व्यापार-उद्योगाच्या हिशोबासाठी अनेक वर्षं जगभर वापरल्या गेलेल्या 'कोबोल' या संगणकभाषेच्या घडणीतही तिचा वाटा होता. हे काम जेव्हा बिनमहत्त्वाचं समजलं जात होतं तेव्हा ते बायांकडे होतं. त्याला पैसा आणि मान आला तसा 'हे पुरुषांचं' असा समज पसरला. शेतीपासून शिवणकामापर्यंत आपण हे पाहिलेलं आहे. हाताने शिवते ती बाई, दुकान मांडतो तो मास्तर.

आपल्याकडचंच बघा. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या गावी डी.टी.पी.ची केंद्रं निघाली, तिथे लग्नपत्रिकांपासून प्रबंधांपर्यंत मराठी मजकूर जुळवणाऱ्यांत आर्ट्सच्या मुली होत्या, कारण शुद्धलेखन त्यांना येत होतं. आपल्यासारखी अंकं त्यांच्याच हातून निघाली. त्यांना कुणी 'संगणक क्षेत्रातल्या' म्हटलं नाही. 'टायपिंगवाली' म्हटलं.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. भाषा, समाजशास्त्र, इतिहास शिकलेल्या मुलीकडे असं काही असतं का, जे संगणकाच्या कामात लागतं? एक ताजं उदाहरण देते, जे तुम्ही सगळ्यांनी भोगलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी भरायचा. आता विधवेने काय टाकायचं? वडीलही वारलेले असतील तर? टाकलेल्या बाईने ओटीपी मागायला त्याच नवऱ्याच्या दारात जायचं का? सेवा केंद्रांवरून बाया परत फिरल्या. पुढे मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली, आणि पती-वडील हयात नसलेल्या किंवा घटस्फोटित बायांनी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश जमा करावा असं सांगितलं. पण जिला नवऱ्याने टाकलं आहे आणि जिच्याकडे कोर्टाचा कागदच नाही ती कुठल्या रकान्यात बसते?

योजनेचा नियम मंत्रालयात ठरतो हे खरं. पण कुठला रकाना सक्तीचा, कुठला रिकामा चालेल, 'इतर' असा पर्याय ठेवायचा का, हे संगणकावर कुणीतरी मांडतं, आणि ते नीट चालतं का हे कुणीतरी तपासतं. या तपासणाऱ्या माणसाला 'टेस्टर' म्हणतात. समाजशास्त्राच्या वर्गात कुटुंबाचे प्रकार शिकलेली, स्वतःच्या गल्लीत चार एकट्या बाया पाहिलेली मुलगी त्या जागी बसली असती तर तिने पहिल्या दिवशी विचारलं असतं, 'नवरा नांदवत नसेल तर काय भरायचं?' हा प्रश्न सुचायला उच्च गणित लागत नाही. माणसं कशी जगतात हे माहीत असावं लागतं. फॉर्म हा आपल्या चळवळीचा जुनाच विषय आहे. आईचं नाव कागदावर यावं यासाठी बायांनी किती वर्षं मागणी केली, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचं नाव बंधनकारक करायचं ठरवलं. आता ते फॉर्म पडद्यावर आले आहेत. तिथे आपल्या मुली असायला हव्यात.

भाषेचंही तसंच. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला, भारतीय भाषांत बोलता-लिहिता येईल अशी यंत्रणा उभारण्यासाठी. मशीनला मराठी शिकवायची तर मराठी वाक्यं लिहिणारी, तपासणारी, चुकलेला अनुवाद दुरुस्त करणारी माणसं लागतात. पुण्याच्या प्रमाण मराठीपुरतं ते काम राहिलं तर उद्या सरकारी यंत्राला आपल्या जिंतूर-पालमकडची बाई काय बोलते ते कळणार नाही. गंगाखेडच्या जनाबाईची भाषा ज्या मातीतली, त्या मातीतल्या मुलींचं मराठी हे काही कमीपणाचं लक्षण नाही. ते त्यांचं भांडवल आहे.

रस्ते कोणते?

आता व्यवहाराचं बोलू. आपल्याकडे 'कॉम्प्युटर शिकली' याचा अर्थ एमएस-सीआयटी केली असा होतो. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या या कोर्सने लाखो मुलींचा हात पहिल्यांदा कीबोर्डला लावला, हे त्याचं श्रेय आहे, आणि सरकारी लिपिकाच्या नोकरीसाठी तो कागद लागतोही. पण ती साक्षरता आहे. बाराखडी आली म्हणजे वकील झाली असं होत नाही. त्या प्रमाणपत्रावर कंपनी नोकरी देत नाही, हे मुलींना आधी स्पष्ट सांगा. त्यापुढचे काही खरे रस्ते असे :

एक, आयटीआयमधला 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड. दहावीवर प्रवेश मिळतो. ऑफिसचं काम आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख होते. पदवी झालेल्या मुलीनेही तो करायला लाजू नये.

दोन, एम.सी.ए. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. बी.ए.वालीला दार बंद नाही. वर्षानुवर्षे अट अशी राहिली की बारावीला किंवा पदवीला गणित हवं. प्रवेश-परीक्षा असते आणि नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचायची, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जायचं नाही. इथे ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय लक्षात ठेवा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. म्हणजे फीचं कारण अनेक घरांपुरतं संपलं आहे. राहण्या-जेवणाचं कारण शिल्लक आहे. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी त्यावर 'स्वाधार' योजना आहे, ज्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही त्यांच्यासाठी.

तीन, बी.ए. चालू असतानाच दुसरं काही. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली, म्हणजे एक कॉलेजात आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन करता येते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. आयआयटी मद्रासने २०२० साली डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी सुरू केली. तिला बारावी कुठल्याही शाखेची चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असावं लागतं, आणि चार आठवडे शिकून प्रवेश-पात्रता परीक्षा द्यावी लागते. फी आहे, पण जात आणि उत्पन्नावर सवलत आहे. अभ्यास कठीण आहे आणि इंग्रजीत आहे, हेही सांगते. 'स्वयम्' या सरकारी मंचावर २०१७ पासून वर्ग फुकट आहेत.

चार, निवासी प्रशिक्षण. 'नवगुरुकुल' ही संस्था २०१६ पासून गरीब घरांतल्या तरुणांना, मुख्यतः मुलींना, फी न घेता ठेवून घेऊन प्रोग्रॅमिंग शिकवते. पदवी मागत नाही, परीक्षा घेते. घर सोडायची तयारी मात्र लागते.

इंग्रजीची भीती प्रत्येक मुलीला असते. तिला सांगा की पहिल्या वर्षी इंग्रजी बोलता येण्यापेक्षा वाचून समजणं गरजेचं असतं. पडद्यावर आलेली चूक वाचायची, तिचा अर्थ लावायचा. बी.ए.ला जिने तीन वर्षं परिच्छेद वाचून सारांश लिहिले तिला ही सवय लवकर लागते.

खोटे रस्ते

जिथे गरज तिथे बाजार असतोच. शहरांत 'शंभर टक्के नोकरीची हमी' म्हणणारे क्लास निघाले आहेत. फी साठ-सत्तर हजार, नसेल तर कर्ज तेच लावून देतात. हमी कागदावर मागा, लेखी. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवू नका. 'इतकी वर्षं सोडून जाणार नाही' अशा बाँडवर सही करण्याआधी आपल्याला दाखवायला सांगा.

दुसरं म्हणजे नुसतं टायपिंग आणि डेटा भरणं. हे काम आता मशीन करू लागलं आहे. साधा अनुवादही मशीन करतं. या कामाच्या भरवशावर मुलीचं भविष्य उभं करू नका. मशीनने केलेलं काम तपासणं, चूक पकडणं, चूक का झाली ते सांगणं, इथपर्यंत तिला न्यावं लागेल.

तिसरं, घरबसल्या मोबाइलवर मिळणारं नगावरचं काम. फोटोला नावं द्या, वाक्यं वाचा, इतक्या नगाला इतके पैसे. कुणाला त्यातून दोन पैसे मिळतील, मी त्याला नाही म्हणत नाही. पण बिडी आणि पापड लाटण्याच्या कामात आपण जे पाहिलं तेच इथे आहे. मालक दिसत नाही, नग नापास केला तर दाद नाही, आजारपणाची रजा नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगार हे शब्द कायद्यात पहिल्यांदा आले. शब्द आले म्हणजे हक्क घरी पोचला असं नाही. घरून काम म्हणजे घरकाम सोडून नव्हे, घरकाम करून, हाही धोका ध्यानात ठेवा.

आणि तालुक्यातली सेवा केंद्रं, झेरॉक्स-ऑनलाइनची दुकानं. मुलींची पहिली नोकरी बहुधा इथेच असते. दिवसभर बसायचं, महिन्याला हातात थोडे पैसे, आणि मालकाचं वागणं कसं असेल ते नशीब. अशा ठिकाणी दहापेक्षा कमी माणसं असतात, म्हणून आतली तक्रार समिती नसते. पण २०१३ च्या कायद्याप्रमाणे अशा ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ही समिती आपल्या जिल्ह्यात कोण चालवतं, तिथे कोण बसतं, हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत हवं.

दोन मुलींची गोष्ट

आता मी ज्यासाठी उभी आहे तिथे येते. मी दोन मुलींचं सांगते. नावं सांगत नाही.

पहिली पालम तालुक्यातली. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. तिघी बहिणी, ही मोठी. मराठी आणि समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाली. एमएस-सीआयटी झालेली होती आणि एका केंद्रात फॉर्म भरायला बसायची. दुसरी जिंतूरकडची, घरची थोडी शेती, इतिहासात पहिल्या वर्गात आलेली. मला विचाराल तर दुसरी जास्त तल्लख. दोघी एकाच वेळी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम शिकायला लागल्या, फुकटच्या ऑनलाइन वर्गांवर आणि आठवड्यातून दोनदा परभणीला येऊन.

पहिलीच्या गावातल्या बचत गटाने तिला जुना लॅपटॉप घ्यायला कर्ज दिलं. गटाच्या बायांनी एक गोष्ट आणखी केली. दिवाळीनंतर टोळी जायच्या आधी तिच्या आई-वडिलांना गटाच्या बैठकीत बोलावलं आणि सगळ्यांसमोर बोलून घेतलं की पुढच्या दिवाळीपर्यंत लग्नाचा विषय काढायचा नाही. वडील म्हणाले, 'पोरगी घरी एकटी ऱ्हाणार, काय झालं तर जिम्मा कुणाचा?' गटातल्या एका मावशी म्हणाल्या, 'माझा. माझ्या घरी झोपायला यील.' आणि ती रोज तिथे झोपायला गेली. मध्येच मामाने स्थळ आणलं. आईने कारखान्याच्या कोपीवरून फोन करून सांगितलं, 'भाऊ, गटात शब्द दिलाय, दिवाळीलोक थांब.' त्या मुलीला दहाव्या महिन्यात पुण्याच्या एका लहान कंपनीत काम लागलं. गटाचं कर्ज तिने फेडलं. लग्नाचं बोलणं आता परत सुरू झालं आहे, पण आता त्या बोलण्यात ती बसते आणि अटी सांगते.

दुसरीला पाचव्या महिन्यात स्थळ आलं. मुलगा नोकरीला, हुंडा मागत नाही, दिसायला बरा. घरचे वाईट नव्हते. त्यांनी जबरदस्ती केली नाही, तिला विचारलं. ती हो म्हणाली. मला नंतर म्हणाली, 'ताई, नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. नोकरी लागंल असं कोण छातीठोक सांगणार?' आज तिच्याकडे स्वतःचा फोनही नाही. राज्यात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बाया शेकडा ३८ आणि पुरुष शेकडा ६१ असं त्याच सर्वेक्षणात आलं आहे. ती त्या शेकडा ३८ मध्ये मोजली जाईल, कारण तिने कधीतरी वापरलं होतं.

दोघींत फरक बुद्धीचा नव्हता, कोर्सचा नव्हता. पहिलीसाठी एक वर्ष कुणीतरी मागून घेतलं होतं, चारचौघांत, शब्दाने बांधून. दुसरीने आपलं वर्ष एकटीने सांभाळायचं होतं. वर्तमानपत्रांत आपण 'शेतमजुराची मुलगी इंजिनीअर' अशा बातम्या वाचतो आणि जिद्दीचं कौतुक करतो. कौतुक करावं. पण जिद्दीची सक्ती फक्त मुलींवर का? मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात पाच-पाच वर्षं काढतो, त्याला बाप शेत विकून पैसे पाठवतो, आणि 'निकाल लागंल की यंदा' म्हणून गाव थांबतं. मुलीसाठी आपण एक वर्ष मागतो आहोत. दहा-बारा महिने, रोजचे चार तास, एक चालू यंत्र आणि तेवढा काळ लग्नाची बोलणी बंद.

आपण काय करायचं?

प्रत्येक गटाने यंदा आपल्या गावातल्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या मुलींची यादी करावी. निकालानंतर फार उशीर होतो, पाचव्या सत्रात त्यांना गाठा. मुलीचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक तिच्या स्वतःच्या नावावर आहे का ते बघा. भावाच्या नंबरवर काढलेलं खातं लग्नानंतर तिच्या हातून जातं. मार्कशीट, आधार आणि बँक या तिन्हींवर नाव एकसारखं आहे ना ते तपासा, आणि लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही हे तिला नि तिच्या आईला सांगा. बचत गटाच्या कर्जाच्या यादीत शेळी आणि शिलाई मशीन आहे, तिथे वापरलेला लॅपटॉपही यावा. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत बंद पडलेले संगणक कपाटात असतात, ते मुलींसाठी संध्याकाळी उघडून देण्याचा ठराव ग्रामसभेत मांडा. कनिष्ठ महाविद्यालयांकडे आर्ट्सला गणिताचा वर्ग लेखी मागा, नकार आला तर तोही लेखी घ्या. आणि आई-वडिलांचा शब्द गटासमोर घ्या.

संगणकाने बाई मुक्त होते असं मी म्हणत नाही. त्या कंपन्यांतही रात्रीची पाळी आहे, जात आहे, बढती अडवणारे साहेब आहेत, मंदी आली की आधी कुणाला काढतात तेही माहीत आहे. तिथे गेलेल्या मुलींना आपली संघटना इथल्यापेक्षा जास्त लागेल. पण पदवी हातात घेऊन अंगणात उभ्या असलेल्या मुलीला 'आता काय राहिलं?' असं विचारलं जाईल तेव्हा तिच्या बाजूने चार बायांनी 'अजून एक वर्ष राहिलं आहे' असं म्हणावं, आणि त्या वर्षात तिने काय शिकायचं ते त्यांना ठाऊक असावं, एवढी माझी मागणी आहे. यादी करायचं काम येत्या महिन्यात सुरू करू. दुपारच्या सत्रात तालुकावार बसून कोण कुठलं गाव घेणार ते ठरवू या.

 आता प्रश्न विचारा.